दोनदा येणारा चौथा दिवस

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर कडावच्या शेतांतून एक वास सुटतो. पिकलेल्या भाताचा, पण नुसता भाताचा नाही. बांधावरचं वाळत आलेलं गवत, खाचरातला अर्धामुर्धा सुकलेला चिखल, शेणानं नुकतंच सारवलेलं खळं, विळ्याच्या पात्याला लागलेला हिरवा चीक, असं सगळं मिळून जे होतं ते. इतरांना या वासानं भूक लागते. मला खाली बघावंसं वाटतं. वीस-बावीस वर्षं झाली, अजून वाटतं.

आमच्या खाचरांच्या पलीकडे आता मुंबईकरांचे बंगले आलेत. एकाच्या अंगणात निळ्याशार पाण्याचा तलाव आहे, पोहायचा. सकाळी माथेरानच्या डोंगरावरून धुकं उतरतं, ते आधी त्या निळ्या पाण्यावर टेकतं आणि मग आमच्या भातावर येतं. धुक्यालाही आता पायरी कळते. भात झोडायला यंत्र येतं, दोन तासांत सगळं उरकून, कानठळ्या बसवून निघून जातं. वास मात्र तोच. वासाला अजून यंत्र लागलेलं नाही.

मी विज्ञानाचा मास्तर. निवृत्त झालो, पण सवय गेली नाही. देवळात गेलो तरी घंटेची कंपनसंख्या मनात येते. तरुणपणी तालुकाभर चमत्कारांचे प्रयोग करत हिंडायचो. जळता कापूर जिभेवर ठेवायचा, नारळातून धूर काढायचा आणि मग छाती काढून सांगायचं, मंडळी, यात देव नाही, रसायन आहे. शंका घ्या, शंका! आता कापूर ठेवताना जीभ ओली लागते. खालापूरकडच्या एका गावात मी आधी भाषणच इतकं ठोकलं की जीभ पार कोरडी पडली. पुढचे आठ दिवस अंधश्रद्धेविरुद्ध माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. त्या गावात मात्र बातमी पक्की झाली, देवीनं मास्तरची जीभ भाजली.

त्या आठ दिवसांत मला भाताची पेज भरवणारी आणि प्रत्येक घासाला हसणारी बाई म्हणजे वहिनी. सुगंधा तिचं नाव, माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्या प्रयोगांना घरातला एकमेव प्रेक्षक. ओट्यावर मी नारळातून धूर काढला की ती पदरानं डोळे पुसत म्हणायची, "भावजी, देव नाय ते कळलं. पन पानी आनायला कोन हाय, तेवढं सांगा." मी म्हणायचो, "वहिनी, विषय बदलू नका." ती कळशी उचलायची. विषय बदललेला नसायचा, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्या काळी आमच्याकडे बायका महिन्याचे चार दिवस बाहेर बसत. पडवीच्या कोपऱ्यात वेगळी गोधडी, वेगळं ताट. कुणी विचारलं तर कावळा शिवला म्हणायचं. वैशाली, दादा-वहिनीची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती; माझं ऐकून तीही बापाला दादाच म्हणायची. तिनं मला विचारलं, "काका, कावळा आईलाच का शिवतो? दादांना का नाय?" मी तिला कावळ्याची चोच, पिसं, अन्न आणि घरटं यावर अर्धा तास सांगितलं. पोर ऐकता ऐकता झोपली. प्रश्न तसाच राहिला.

बाहेर बसलेल्या बाईनं खळ्यावर पाय ठेवायचा नाही, असा दंडक. ठेवला तर बरकत जाते, बी उगवत नाही. आई हा दंडक पाळायला फार कडक. वडील गेल्यानंतर घर तिच्या हुकमात, आणि हे चार दिवस तर तिच्या मुठीत. "शिवू नको गं. तिकडंच बस. आज कितवा?" वहिनी सांगायची, चौथा. दुसऱ्या दिवशी न्हाऊन ती खळ्याकडे निघाली की आई पुन्हा अडवायची, "आज कितवा?" "पाचवा की, आत्याबाय." "पाचवा कुठला? चौथाच हाय. बस तिकडं." मी हसायचो. आईचं गणित कच्चं होतंच, पण कापणीच्या दिवसांत जरा जास्तच कच्चं व्हायचं. चौथा दिवस दोनदा यायचा. एका वर्षी, भारे वाहायची अगदी घाई होती तेव्हा, तीनदा आला होता.

याच गोष्टीचा मी प्रयोग करायचं ठरवलं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर होतं, आणि नारळाच्या धुराला आता कुणी विचारत नव्हतं.

वहिनी पडवीत बसलेली असताना मी सुपात 'जया' जातीच्या भाताचं गेल्या वर्षीचं बियाणं घेऊन गेलो. "वहिनी, विज्ञानासाठी तुमचा हात हवाय." ती म्हणाली, "हात मागताय? दादाला इचारलंत का?" मग तिनं त्या सुपात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि बियाणं असं काही वरखाली केलं, जणू भाताला न्हाऊ घालतेय. दुसऱ्या सुपात मी हात घातले. दोन लाकडी खोकी, तीच माती, तेवढंच पाणी. वहीत रकाने आखले. गट अ, माझा. गट ब, तिचा.

आईनं खोकी बघितली. म्हणाली, "उगवंल रं. न उगवायला काय झालंय?"

"तुला माहीत आहे उगवेल? मग तिला बसवतेस कशाला?"

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "तुला कळायचं नाय," एवढं म्हणून आत गेली. मी वहीत लिहिलं: ज्येष्ठ स्त्रियांमध्ये तर्काचा अभाव आढळतो. अक्षर चांगलं आहे माझं. अजून स्पष्ट वाचता येतं.

तिचं खोकं गच्च हिरवं झालं. माझ्या खोक्यावर तिसऱ्या दिवशी कोंबडी चढली, पायानं उकरून गेली, आणि उरलं त्यात मी पाणी घालायला विसरलो. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या प्रयोग फसलाच होता. पण निकाल मला हवा तसा होता, आणि हवा तसा निकाल आला की कोंबडीचा उल्लेख कोण करतो? ही लबाडी मी बुवाबाबांची म्हणून शाळेत शिकवत असे.

खळ्याच्या पूजेला आळी जमली होती. नारळ फुटला, आणि मी दोन्ही खोकी मध्ये आणून ठेवली. शिक्षकाचा आवाज काढून सांगितलं, "हे हिरवंगार बी कुणाच्या हातचं? माझ्या वहिनीच्या. ती बाहेर बसली होती तेव्हाच्या!"

सगळ्या माना एकदम वळल्या. वहिनी खांबाला टेकून उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, मग तोंडावर घेतला, मग आत गेली. हात मागताना मी तिला सांगितलंच नव्हतं की तो असा चारचौघांत दाखवणार आहे. मला तेव्हा वाटलं, ती लाजली. लाजणं आणि लाजवलं जाणं यांत फरक असतो, तो रकाना वहीत नव्हता.

मी तयारीत होतो. आरडाओरडा होईल, वाळीत टाकतील, दगड येतील. एक छोटासा दगड आला असता तर बरंच वाटलं असतं मला. पण दादा पुढं आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बरोबर हाय मास्तरचं! काय नाय होत. उगा आपलं खूळ." शेजारचे दोघे-तिघे म्हणाले, "मंग काय तर!" गडी मिळत नव्हते त्या वर्षी, निम्मी पोरं मोहोपाड्याला कारखान्यात लागलेली. आठवडाभरात आमच्या आळीतली कुणीही बाई बाहेर बसेनाशी झाली. शेकडो वर्षांची रूढी एका खोक्यानं मोडली. इतक्या झपाट्यानं सुधारणा झालेली मी ना कधी वाचली, ना ऐकली. तिथंच मला शंका यायला हवी होती. शंका घेणं हाच तर माझा धंदा होता.

आमच्याकडे डोंगरातल्या वाडीवरून यमुनाबाई कापणीला यायची, रोजावर. खोकी बघून ती हसली. "मास्तर, आमी इतकी वर्सं कापतो, कुनी इचारलं का आमचा दिवस कितवा? तुमचं भात कुजलं का?" प्रयोग दर वर्षी आमच्याच खाचरात होत होता, साऱ्या गावासमोर, तोही फुकट. विटाळ फक्त घरातल्या बाईच्या हाताला होता. रोजावरच्या हाताला तो परवडतच नव्हता. हा मुद्दा फार चांगला आहे म्हणून मी तो अहवालात घातला. यमुनाबाईचं नाव घातलं नाही.

त्या मोसमातले काही तुकडे मनात राहिलेत. पहाटे दवानं भिजलेल्या पेंढ्या. बांधावरून डोक्यावर भारे घेऊन चाललेली बायकांची रांग, लांबून वाटावं की भातच उठून चालायला लागलंय. त्या रांगेत वहिनी, पहिल्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही. आई ओट्यावरून ओरडायची, "आज तिला ऱ्हाऊ द्या रं." दादा म्हणायचा, "का? मास्तरनं सिद्ध केलंय ना?" आईकडे एकच शस्त्र होतं, गंजलेलं, घाणेरडं, आणि ते मी काढून घेतलं होतं. एका दुपारी ती मला म्हणाली, मोठ्यानं नाही, भात पाखडता पाखडता, "तिला मी बसवायची. आता कोन बसवील?"

एकदा विहिरीवर वहिनी वाकून उभी दिसली. म्हणाली, "भावजी, पोटात लई दुकतं. अंगावरून जातंय पन लई." तिनं मला हे सांगितलं, याचं आज मला नवल वाटतं. घरात विज्ञानाचा माणूस, त्याला माहीत असेल असं वाटलं असावं. आणि मी, ज्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, तिला म्हणालो, "वहिनी, हालचाल केली की वेदना कमी होतात. सिद्ध झालंय ते." ती माझ्याकडे बघून हसली, नेहमीसारखी. "मंग तुमी घ्या हा हंडा. तुमची बी कमी होईल." मी हसलो. हंडा तिनंच उचलला.

बाबाबुवांच्या दाव्यावर मी पुरावा मागायचो. तिच्या दुखण्यावरही मागितला असता, एवढंच की ते मला दावा करण्याइतकंही महत्त्वाचं वाटलं नाही.

मग ती सकाळ. भारा डोक्यावर घेऊन वहिनी खळ्यावर आली आणि उतरवायला कुणी हात लावायच्या आत भाऱ्यासकट बसली, मग आडवी झाली. सारवलेल्या खळ्यावर, पेंढ्यांवर रक्त. खूप. दादा ओरडला, "भात बाजूला घ्या, भात!" आणि सगळे पुढं झाले, पण भिजलेल्या पेंढ्यांना कुणी हात लावेना. पंधरवड्यापूर्वी माझी पाठ थोपटणारी माणसं हात मागं बांधून उभी. मी कुठं होतो? अगदी जवळ, दोन हातांवर. आणि मी पाऊल मागं घेतलं. एकच, छोटंसं. कुणी बघितलं नसेल. मी बघितलं.

पुढं गेली ती आई. खळ्यात बसली, वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं, लाल झालेली पेंढी उचलून तिच्या पायांखाली उशीसारखी लावली. "टेंपो बोलाव रं, मेल्या," मला म्हणाली. तर्काचा अभाव असलेली ती ज्येष्ठ स्त्री त्या दिवशी रक्ताच्या लुगड्यानिशी चुलीपाशी गेली, पोरांना भात शिजवून घातला. विटाळाचं नावही काढलं नाही.

कर्जतला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठ आहे, वर्षं झाली असतील. अंगात रक्त नाही, ही बाई चालत कशी होती? पिशवी काढली. तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणाल्या. दादानं एक महिना पाळलं. तो वाईट नव्हता; वाल पेरायचे राहिले होते. वहिनी पुन्हा उठली, पण ती आधीची वहिनी नव्हती. दम लागायचा, पाय सुजायचे, चार पायऱ्यांत बसायची. तशी वीस वर्षं काढली तिनं. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण माझे प्रयोग बघायला ओट्यावर पुन्हा आली नाही.

आई गेली. मागच्या आषाढात वहिनी गेली. जायच्या आधी काही दिवस, मी उशाशी बसलो होतो, तर म्हणाली, "भावजी, त्या तुमच्या वहीत माझं नाव हाय का हो?"

मी म्हटलं, "आहे की."

ती माझी शेवटची लबाडी. तिनं डोळे मिटले. बहुतेक तिला कळलं.

यंदा वैशाली आठ दिवसांची रजा काढून कापणीला आली. मोहोपाड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते ती; दिवसभर बाटल्यांतले नमुने तपासते. आईनंतरची पहिली कापणी, म्हणाली, येणारच. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझ्या कपाटातून ती वही काढली. ओट्यावर बसून, चष्मा लावून, साहेबासारखी वाचली.

"काका, कोंबडी कुठाय यात?"

"राहून गेली."

"आणि आई?"

मी बोट ठेवलं. गट ब.

तिनं चष्मा पुसून ते अक्षर पुन्हा वाचलं. मी बावीस वर्षं साठवलेलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मी चुकलो गं, ती रूढीच बरी होती, निदान तुझ्या आईला चार दिवस मिळत होते. वैशालीनं वही मिटली. ती आईसारखी हसत नाही, आजीसारखी बघते.

"नाही हां काका. आता हे दुसरं खूळ नको. माझी आई कोपऱ्यात वेगळ्या ताटात जेवायची, ते मी बघितलंय. ते गेलं ते बरंच झालं. पण निजायला मिळावं म्हणून माणसाला आधी घाण ठरावं लागतं, हे कुणी ठरवलं? तुम्ही विटाळ काढलात. सुटी ठेवायची होती ना. ती का काढलीत?"

मी वही उचलून मांडीवर घेतली.

"आमच्याकडं पण हेच. त्या दिवसांत रजा मागितली की साहेब म्हणतात, बरोबरी पाहिजे ना तुम्हाला? टीव्हीवरची ती पोरगी, पांढरी पँट घालून उड्या मारते, काही होत नाही म्हणून दाखवते. तिला म्हणावं ये कडावला. भाताचा भारा डोक्यावर घे आणि कोंडाण्याच्या लेण्यापर्यंत चढून दाखव. काही होत नाही हे सिद्ध करायलाच आमचा जन्म. तुमच्या खोक्यातल्या बियासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दादाला तोंडावर सांगितलं, "दादा, माझे दिवस आहेत. मी आज बसणार." सत्तरीचा दादा गडबडला. "आता कुठं राहिलंय गं ते..." "पडवीत नाही बसणार. कुठंही बसेन. सगळ्याला शिवणार, उचलणार काही नाही." आणि खरंच ती झोपाळ्यावर बसली, लोणच्याच्या बरणीत हात घातला, देवघरातली फुलं बदलली, खळ्यावर चपला काढून एक फेरी मारून आली. भारा मात्र उचलला नाही. मग आत जाऊन दादानं स्वतःसाठी चहा टाकला आणि, कसं कोण जाणे, दोन कप ओतले.

तिच्या वाटचे भारे मी उचलले. या वयात, हो. पहिल्या भाऱ्याला मान गेली, दुसऱ्याला कंबर, तिसऱ्या भाऱ्यासह मी बांधावरून थेट शेजारच्या खाचरात उतरलो, पाठीवर. यंत्रवाला पोटभर हसला. पडल्या पडल्या वर आभाळ दिसत होतं, भाताच्या काड्या तोंडावर, आणि तोच वास. भारा किती जड असतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं. मोजलं म्हणजे, काट्यावर नाही.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पहाटे वैशाली डोक्याला ओढणी बांधून विळा घेऊन निघालेली दिसली. तोंड उतरलेलं, चालणं अजून सावकाश. आईचं हे पण घेतलंय तिनं, दुखत असलं तरी उठायचं. मी खळ्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो.

"आज कितवा?"

"पाचवा. झालं काका, आता येते मी."

"पाचवा कुठला? चौथाच आहे."

"काल चौथा होता. अहो, मी मोजते नीट."

"आपल्या घरात चौथा दोनदा येतो," मी म्हटलं. "बस तिकडं."

धुकं अजून खाली होतं, पेंढ्यांवरून दव गळत होतं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. ओट्यावरून ओरडणारी आजी, न्हाऊन निघालेली आणि पुन्हा वळवलेली आई, पाच वर्षांच्या पोरीनं बघितलेलं आणि तेव्हा न कळलेलं. तिनं विळा माझ्या हातात दिला. परत फिरली, पडवीच्या त्या कोपऱ्यापाशी थबकली आणि तिथंच, खांबाला टेकून, पाय लांब करून बसली.

मी विळा घेऊन खाचरात उतरलो. मला कापता येत नाही. अजूनही नाही.